एमबीबीएसनंतरची रेसिडेन्सी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पुढचे तीन-चार महिने इंटर्न, त्यांचे आई-बाबा आणि कधी कधी त्यांचे होणारे सासू-सासरेही मला हेच प्रश्न विचारतात. मी मेडिसिनमध्ये एमडी केलं आणि आता रेसिडेंटना शिकवते. सगळ्यांना एकदाच नीट उत्तरं मिळावीत म्हणून हे लिहिलं आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच.

रेसिडेन्सी म्हणजे नेमकं काय? एमबीबीएस झालं की माणूस डॉक्टर होतोच ना?

होतोच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप संपवून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हातात पडली, की प्रॅक्टिस करायचा अधिकार मिळतो. रेसिडेन्सी त्यानंतरची. एखाद्या विषयात एमडी, एमएस किंवा डीएनबी करताना तीन वर्षं रुग्णालयात पूर्णवेळ काम करत शिकायचं. कागदोपत्री तुम्ही विद्यार्थी असता, फी भरता, परीक्षा देता. पण रात्री दोन वाजता सिस्टरने हाक मारल्यावर रुग्णापाशी पहिल्यांदा पोचणारे डॉक्टरही तुम्हीच असता.

म्हणजे सरकारी दवाखान्यात आमच्या माणसाला 'शिकाऊ' डॉक्टर तपासतात का?

हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आणि विचारणं बरोबरच आहे. तपासणारा रेसिडेंट नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टर असतो. त्याच्यावर सिनियर रेसिडेंट (एमडी-एमएस झालेला), त्याच्यावर असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर आणि युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या त्या गटाचा, प्रमुख अर्थात युनिट हेड अशी उतरंड असते. मोठे निर्णय या उतरंडीतून जातात. तुमचा रुग्ण कोणत्या युनिटखाली आहे आणि युनिट हेडचा राऊंड कधी असतो, हे विचारून ठेवा. त्या वेळी हजर राहिलात तर तुमच्या बहुतेक शंका तिथेच मिटतील.

प्रवेश कसा मिळतो?

नीट-पीजीतून. ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएस घेतं. २०० प्रश्न, ८०० गुण आणि साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. २०२४ पासून पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत येतो. प्रत्येक भागाला ४२ मिनिटं असतात आणि वेळ संपली की त्या भागात परत जाता येत नाही. 'अवघड प्रश्न शेवटी बघू' ही जुनी सवय त्यामुळे मोडावी लागते. सराव परीक्षा याच पद्धतीने द्या.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांचं समुपदेशन, म्हणजे रँकनुसार जागावाटप, दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) करते. उरलेल्या निम्म्या राज्य कोट्यातल्या जागा आपल्याकडे राज्य सरकारचा सीईटी सेल भरतो. अभिमत विद्यापीठांच्या आणि डीएनबीच्या जागाही एमसीसीकडेच असतात. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुदुच्चेरीचं जिपमर, बंगळुरूचं निम्हान्स या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. एम्स नागपूरही तिच्यातच येतं. विदर्भातली मुलंसुद्धा कधी कधी हे विसरून जातात.

महाराष्ट्राचा रहिवासी दाखला असला की राज्य कोटा पक्का, हे खरं का?

नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात केवळ रहिवासाच्या आधारावर आरक्षण देता येणार नाही. संस्थेच्या आधारावर, म्हणजे त्याच राज्यातल्या कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना, वाजवी प्रमाणात प्राधान्य देता येतं. त्यामुळे कर्नाटकात किंवा परदेशात एमबीबीएस करून परत आलेल्या मराठी मुलांनी आपली पात्रता त्या वर्षीच्या पत्रकातल्या शब्दांवरून तपासावी. गावातल्या सल्लागाराच्या भरवशावर राहू नये.

एमडी, एमएस आणि डीएनबी यांत फरक काय?

एमडी-एमएस विद्यापीठाची पदवी. महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, अभिमत विद्यापीठं स्वतःची पदवी देतात. डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी. ती मोठ्या खाजगी, ट्रस्टच्या आणि काही जिल्हा रुग्णालयांतही करता येते. सरकारी नियमांनी ती एमडी-एमएसच्या तोडीची आहे. लोक मात्र अजून नाक मुरडतात आणि मला ते पटत नाही. डीएनबीची परीक्षा अवघड असते, ती पार केलेल्या डॉक्टरांचा पाया पक्का असतो. मात्र जागा घेण्याआधी त्या रुग्णालयात हाताने काम करायला किती मिळतं याची चौकशी करा. सगळी ऑपरेशनं कन्सल्टंट स्वतःच करत असतील तर सर्जरीच्या डीएनबीला तीन वर्षं फक्त रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरावा लागेल.

ब्रँच निवडू की कॉलेज?

यावर हॉस्टेलमध्ये रात्र-रात्र वाद चालतात. माझं मत ठाम आहे : आधी ब्रँच. कॉलेज तीन वर्षांचं, विषय तीस-पस्तीस वर्षांचा. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग हे विषय यादीत सगळ्यांत आधी संपतात, म्हणून ते तुमच्यासाठीही सगळ्यांत चांगले असं समजू नका. इंटर्नशिपमध्ये कोणत्या पोस्टिंगला तुम्ही ड्युटी संपल्यावरही थांबून राहायचा, ते आठवा. लेबर रूममध्ये मन रमलं असेल तर रँक चांगली आली म्हणून गायनॅक सोडू नका. रक्त पाहून गरगरत असेल तर 'घरचं हॉस्पिटल आहे' या कारणासाठी सर्जरी घेऊ नका.

ब्रँच ठरली की मग कॉलेज आणि त्यातही युनिट बघा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरची घाटी, या ठिकाणी रुग्णांचा पूर असतो आणि हात पटकन तयार होतो. अंबाजोगाई, मिरज, सोलापूर इथेही काम भरपूर मिळतं. सिनियर तुम्हाला जास्त जवळून बघतात, कारण माणसं कमी असतात. प्रवेशाआधी तिथल्या सेकंड इयर रेसिडेंटला भेटा. थर्ड इयरवाला परीक्षेच्या तंद्रीत असतो आणि फर्स्ट इयरवाला झोपलेला. सेकंड इयरवाल्याला दोनच प्रश्न विचारा : रात्री अडचण आली तर सिनियर फोन उचलतात का? आणि गेल्या तीन वर्षांत किती जणांनी जागा सोडली? या दोन उत्तरांतून त्या डिपार्टमेंटचं बरंच काही कळतं.

पहिल्या वर्षी दिवस कसा असतो?

मेडिसिनचं सांगते, कारण ते मी जगले आहे. आठवड्यातून एक दिवस युनिटचा 'इमर्जन्सी डे' असतो. त्या २४ तासांत कॅज्युअल्टीतून विभागात भरती होणारा प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण आले की खाटा संपतात आणि खाली गाद्या घातल्या जातात. दुसरा दिवस 'पोस्ट-इमर्जन्सी'. रात्रभर जागून सकाळी सगळ्या नवीन रुग्णांसह युनिट हेडचा राऊंड. मग ओपीडीचा दिवस वेगळा, वॉर्डाचे दिवस वेगळे.

जेआर-वन म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. सकाळी सहाला रक्ताचे नमुने, मग नोट्स, राऊंड, राऊंडमध्ये ठरलेल्या तपासण्यांचे फॉर्म, रेडिओलॉजीत जाऊन सोनोग्राफीसाठी विनवण्या, रिपोर्ट गोळा करणं, रक्तपेढीचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड. मामा आणि मावशी (वॉर्डातले मदतनीस) हजर नसतील तर ट्रॉलीही स्वतःच ढकलायची. यातली निम्मी कामं डॉक्टरची नाहीतच. ती कारकुनाची, वॉर्डबॉयची आणि टेक्निशियनची आहेत. पदं रिकामी राहतात आणि ओझं रेसिडेंटवर येतं. 'आम्हीही केलं, तुम्हीही करा' असं म्हणणाऱ्या माझ्या पिढीच्या शिक्षकांशी मी यावर उघड भांडते. नमुन्याची बाटली लॅबपर्यंत पोचवून कुणी फिजिशियन होत नाही. तो वेळ रुग्णापाशी गेला पाहिजे.

सेकंड इयरला आयसीयू, कॅज्युअल्टी आणि हाताची कामं येतात. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं), इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब टाकणं), पोटातलं पाणी काढणं. थर्ड इयरला युनिट चालवायचं, ज्युनियरना शिकवायचं, थीसिस पुरा करायचा आणि परीक्षेला बसायचं.

किती तास काम असतं? नियम काही आहे की नाही?

नियम आहे आणि जुना आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं आहे की सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याला ४८ तास असावं आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२३ चे पदव्युत्तर नियम 'वाजवी कामाचे तास आणि पुरेशी विश्रांती' म्हणतात आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी, वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा देतात. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्याच्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली.

प्रत्यक्षात सलग २४ ते ३६ तासांची ड्युटी आजही अनेक विभागांत सर्रास चालते. अमेरिकेत १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, दमलेल्या रेसिडेंटच्या तासांवर तिच्या वडिलांनी आवाज उठवला, आणि त्यातून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आधी त्या राज्यात, २००३ पासून देशभर. युरोपात ४८ तासांचा नियम आहे. आपल्याकडे नियम कागदावर आहे, अंमलबजावणी नाही. रात्रभर जागलेल्या डॉक्टरच्या हातून इन्शुलिनचा डोस चुकू शकतो. म्हणून हा प्रश्न रेसिडेंटच्या सोयीइतकाच खाटेवरच्या माणसाचाही आहे.

एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. प्रवेश लांबला की वॉर्ड तीनऐवजी दोनच बॅचवर चालतात. २०२१ ची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली आणि आरक्षणाच्या खटल्यामुळे समुपदेशन जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. तोपर्यंत पहिल्या वर्षाचं सगळं काम दुसऱ्या वर्षाने दुसऱ्यांदा केलं. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी येते तेव्हा तिचा भार कुठे पडतो, ते आता कळलं असेल.

मला काही येत नसेल तर? रात्री एकटा असताना रुग्ण बिघडला तर?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले सहा महिने तुम्हाला पुष्कळ काही येणार नाही. ते गृहीतच धरलेलं आहे. वरच्या माणसाला वेळेवर फोन केला नाही, तर मात्र गोष्ट हाताबाहेर जाते. ज्युनियर फोन करायला का कचरतो? 'एवढंही येत नाही का' हे ऐकायची भीती असते. मॅडम झोपल्या असतील याचा संकोच असतो. शिवाय अजून अर्धा तास बघू असं वाटत राहतं. त्या अर्ध्या तासात सेप्सिसच्या, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग भिनलेल्या रुग्णाचा रक्तदाब कोसळतो.

माझ्या ज्युनियरना मी पहिल्याच दिवशी चार वाक्यं पाठ करायला लावते. फोन लागला की नाव सांगा आणि रुग्ण कोण ते एका ओळीत सांगा : 'बेड १४, पंचावन्न वर्षांचे काका, न्यूमोनिया, काल भरती.' मग आत्ता काय बदललं : 'गेल्या तासात श्वास ३६ झालाय, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ८६, रक्तदाब ९० वर ६०.' मग तुम्ही काय केलं : 'सलाईन सुरू केलं, एबीजी पाठवलं' (एबीजी म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी). आणि शेवटी तुम्हाला काय हवं ते स्वच्छ मराठीत : 'मॅडम, तुम्ही येऊन बघा, मला वाटतंय ट्यूब टाकावी लागेल.' हे शेवटचं वाक्य बहुतेक जण गिळून टाकतात. नुसते आकडे सांगून थांबतात आणि पलीकडच्या अर्धवट झोपेतल्या माणसाला वाटतं की माहिती दिली, झालं. 'या' असं म्हणायला शिका.

सिनियर आला नाही तर त्याच्या वरच्याला फोन करा. केसपेपरवर वेळ घालून लिहा : कुणाला, किती वाजता कळवलं आणि काय सूचना मिळाली. या नोंदीमुळे रुग्णही सुरक्षित राहतो आणि तुम्हीही.

ड्युटी बदलतानाही हेच. 'सगळं ठीक आहे' हा हॅण्डओव्हर नव्हे. 'बेड ९, डेंग्यू, चार वाजता प्लेटलेट २२ हजार, आठला पुन्हा सॅम्पल, लघवी दर तासाला मोजायची, पोट दुखलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच सांगायचं, नातेवाईकांशी बोलणं झालंय.' एवढं कागदावर लिहून समोरच्याच्या हातात द्या आणि गंभीर रुग्ण दोघांनी मिळून बघा. दहा मिनिटं लागतात.

पैसे किती मिळतात?

विद्यावेतन मिळतं. सरकारी, महापालिका आणि खाजगी कॉलेजांत आकडे वेगवेगळे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्डच्या संपाच्या वेळी राज्य मंत्रिमंडळाने रेसिडेंटच्या विद्यावेतनात दरमहा १० हजारांची वाढ मंजूर केली, इंटर्नचं ११ हजारांवरून १८ हजार केलं. खाजगी कॉलेजांनीही राज्याच्या सरकारी कॉलेजांइतकंच विद्यावेतन द्यावं, असं आयोगाचे नियम सांगतात. तरी काही ठिकाणी ते कमी मिळतं किंवा महिनोन्‌महिने अडकतं. प्रवेशाआधी तिथल्या रेसिडेंटना विचारा की गेल्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला खात्यात आले.

मार्ड म्हणजे काय? संप करणं बरोबर आहे का?

महाराष्ट्र असोसिएशन ऑफ रेसिडेंट डॉक्टर्स, राज्यातल्या रेसिडेंटची संघटना. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका डॉक्टरवर जीवघेणा हल्ला झाल्यावर राज्यभर रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले. जानेवारी २०२३ मध्ये सिनियर रेसिडेंटची पदं आणि हॉस्टेलची दुरवस्था हे मुद्दे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हा देश पेटून उठला आणि सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं.

संपाने गरीब रुग्णाचे हाल होतात, त्याची ठरलेली ऑपरेशनं पुढे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्याच रुग्णालयांत हॉस्टेलच्या छताचं प्लास्टर पडतं, एका खोलीत चौघं झोपतात आणि अर्जाला उत्तर येत नाही. इमर्जन्सी सुरू ठेवून केलेल्या आंदोलनाला माझा पाठिंबा आहे. सरकारने संपाची वाट न पाहता वेळेवर बोलावं, एवढं मागणं जास्त नाही.

नातेवाईकांनी हल्ला केला तर?

महाराष्ट्रात २०१० चा खास कायदा आहे. डॉक्टर किंवा रुग्णालयावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार संस्थेच्या नावाने द्या, एकट्या रेसिडेंटच्या नावाने नको. नाहीतर कोर्टाच्या तारखांना तोच बिचारा फिरत राहतो. गंभीर रुग्णाच्या घरच्यांशी तब्येत बिघडण्याआधीच, बसून, दिवसातून एकदा तरी बोलत राहिलात तर पुष्कळ भडके टळतात. मृत्यूची बातमी एकट्याने देऊ नका. सिनियर आणि सिस्टर सोबत असू द्या.

सुई टोचली तर काय करायचं?

ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच कॅज्युअल्टीत किंवा एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) जा. एचआयव्हीपासून बचावाच्या औषधाचा पहिला डोस शक्य असेल तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्यायचा, पुढे २८ दिवस चालू ठेवायचा. 'रुग्ण निगेटिव्ह दिसतोय', 'राऊंड आटोपून जाते' असं म्हणून थांबू नका. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस रुजू होण्याआधीच घ्या आणि प्रतिपिंडांची पातळी तपासा. क्षयरोगही रेसिडेंटना होतो. दोन आठवडे खोकला, वजन उतरणं, संध्याकाळी बारीक ताप असेल तर स्वतःचा एक्स-रे काढा. रुग्णाला जे सांगतो ते स्वतःला लागू करायचं आपल्याला सुचत नाही.

सिनियर छळत असतील तर?

रागावणं आणि छळणं यातला फरक ज्याला भोगावं लागतं त्याला लगेच कळतो. जातीवरून, भाषेवरून, कोट्यावरून टोमणे, मुद्दाम जेवायला न सोडणं, शिक्षा म्हणून सलग ड्युट्या लावणं, सगळ्यांसमोर अपमान करणं ही रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वैद्यकीय कॉलेजांसाठी आयोगाचे २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मेसेज जपून ठेवा, तारखा लिहून ठेवा आणि कॉलेजच्या समितीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. 'आम्ही यातूनच घडलो' असं म्हणणाऱ्यांनी मध्येच सोडून गेलेल्या सहकाऱ्यांची नावं आठवून पाहावीत.

खूप खचल्यासारखं वाटतंय. हे सगळ्यांनाच होतं का?

थकवा सगळ्यांना येतो. पण झोप मिळूनही झोप न लागणं, रडू आवरत नसणं, कुणाशीच बोलावंसं न वाटणं, 'नको हे सगळं' असं मनात येणं हे थकव्याच्या पुढचं आहे. आयोगाच्या कृतिगटाच्या २०२४ च्या ऑनलाइन पाहणीत ३१.२ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. तुम्ही एकटे नाही आणि दुबळे तर मुळीच नाही. आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर या क्षणी सोबतच्या कुणाला तरी उठवा आणि सांगा. ड्युटी कुणीतरी सांभाळेल.

जागा सोडायची झालीच तर दंडाच्या अटी आधी वाचा. आयोगानेही राज्यांना हा जबर दंड रद्द करण्याबद्दल सुचवलेलं आहे. दंडाच्या भीतीने जिवावर बेतू देऊ नका. पैसे पुढे फेडता येतात.

आई-बाबांनी काय करावं?

फोन उचलला नाही म्हणून घाबरू नका. 'जेवलीस का' एवढा एक मेसेज टाका, उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल. भेटायला जाताना डबा न्या आणि तिला झोपू द्या, नातेवाईकांकडे फिरवू नका. 'शर्माजींचा मुलगा रेडिओलॉजीला आहे' हे वाक्य घरात उच्चारू नका. ती 'मला झेपत नाही' म्हणाली तर 'तीन वर्षं काढ, मग मजाच आहे' असं म्हणू नका. गाडी पकडा आणि जा.

लग्न, बाळंतपण?

लग्न पहिल्या वर्षी टाळता आलं तर टाळा. हा माझा व्यवहारी सल्ला आहे, नियम नाही. बाळंतपणाची रजा हा हक्क आहे. तेवढा कालावधी पुढे वाढवून पूर्ण करावा लागतो आणि परीक्षा लांबू शकते. रजा मागणाऱ्या मुलीला 'मग जागा घेतलीस कशाला' असं विचारणारे अजून भेटतात. त्यांना उत्तर न देता अर्ज लेखी द्या.

जिल्हा रेसिडेन्सी म्हणजे शिक्षा का?

मुळीच नाही. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं असतं, विद्यावेतन चालू राहतं. मोठ्या कॉलेजात बोट दाखवलं की सीटी स्कॅन होतो. जिल्ह्याला मात्र रात्री साप चावलेला शेतमजूर येतो, तेव्हा स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नाही तर विष रक्तात पसरलंय, सर्पविषावरचं औषध सुरू करा. मशीनशिवाय निर्णय घ्यायची ही तालीम तीन महिन्यांत मिळते. परत आलेले रेसिडेंट मला जास्त ठाम वाटतात.

थीसिस केव्हा सुरू करू?

प्रवेश मिळाला की लगेच. विषय साधा घ्या, ज्याचे रुग्ण तुमच्या वॉर्डात रोज येतात असा. नीतिशास्त्र समितीची परवानगी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती घेऊ नका. परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस द्यावा लागतो. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्सही सक्तीचा आहे, तो पहिल्याच वर्षी उरका. पैसे देऊन थीसिस लिहून देणारे कॉलेजच्या आसपास भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. कच्चा असला तरी स्वतःचा लिहा.

गोव्यात करायचं असेल तर?

बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा त्याला आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इथले रुग्णही तिथेच जातात, त्यामुळे कोकणी आणि मालवणी दोन्ही कानावर पडतात. गोव्याचं राज्य समुपदेशन वेगळं असतं.

परदेशी जावं का?

अमेरिकेसाठी यूएसएमएलई, ब्रिटनसाठी प्लॅब या परीक्षा द्याव्या लागतात. जायचं पक्कं असेल तर इंटर्नशिपमध्येच तयारी सुरू करा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून नीट-पीजीही देणाऱ्यांची दमछाक होते.

बाँडचं काय?

महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिका कॉलेजांतून पदव्युत्तर झालं की एक वर्ष सक्तीची सेवा असते, न केल्यास ५० लाख रुपये दंड. एमबीबीएसनंतरच्या सेवेसाठी हा दंड १० लाख आहे, सुपरस्पेशालिटीसाठी दोन कोटी. पदव्युत्तर बाँड सरकारी कॉलेजात सिनियर रेसिडेंट म्हणून करता येतो. पुढे शिकवायचं असेल तर हेच करा, कारण असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमडी-एमएसनंतर एक वर्षाची सिनियर रेसिडेन्सी लागते. एका वर्षात दोन्ही कामं होतात.

रुजू होताना काय सोबत न्यावं?

सगळ्या मूळ कागदपत्रांच्या पाच-पाच साक्षांकित प्रती, कारण मूळ प्रती कॉलेज ठेवून घेतं. मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जात वैधता प्रमाणपत्र, बँकेचा रद्द केलेला चेक. दोन ॲप्रन, स्वतःचा स्टेथो आणि त्यावर नाव. खिशात मावणारी वही. आरामाचे बंद बूट, चपला नकोत, कारण वॉर्डात सुया पडलेल्या असतात. पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की, फोनची पॉवर बँक. रुजू व्हायच्या आदल्या दोन रात्री भरपूर झोपा, आणि पहिल्या दिवशी वॉर्डात गेल्यावर सिस्टर इन्चार्जला आधी भेटून क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) कुठे आहे ते बघून घ्या.